शंट असलेलं मूल कोकणात सांभाळताना

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि तिथे पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास. एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून असतो जेमतेम १५० मिली, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळा बदलून निघतो. त्याची वाट कुठे अडली की तो साचतो, पोकळ्या फुगतात आणि मेंदूवर दाब येतो. हा हायड्रोकेफॅलस. तो जन्मतः असतो, मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्यावर होतो, मेंदूज्वरानंतर होतो. पाठीवर उघडी गाठ घेऊन, म्हणजे स्पायना बायफिडासह, जन्मलेल्या बाळांपैकीही बहुतेकांना होतो.

उपाय बहुतेक वेळा शंट. एक नळी पोकळीत, कानामागे कातडीखाली एक व्हॉल्व्ह, आणि तिथून मान-छातीवरून पोटात उतरणारी लांब नळी. पाणी पोटात जातं आणि शरीर ते शोषून घेतं. शंट चोंदतो, तुटतो, सांध्यातून निसटतो, त्याला जंतू लागतात, मूल उंच झालं की नळी आखूड पडते. लहान मुलांत बसवलेल्या शंटपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या वर्षातच बिघडतात, दोन वर्षांत जवळपास निम्मे. त्यामुळे ‘ऑपरेशन झालं, सुटलो’ म्हणून फाईल माळ्यावर टाकायची नाही. शंट कधीतरी बंद पडणार असं धरूनच घर लावायचं, कारण देवगड, गुहागर किंवा श्रीवर्धनहून न्यूरोसर्जन काही तासांच्या अंतरावर आहे आणि पावसाळ्यात ते अंतर आणखी वाढतं.

काही मुलांना नळीऐवजी दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीला छिद्र पाडून वाट करून देतात (ईटीव्ही). नळी नाही म्हणून या मुलांचे आई-बाप लवकर निर्धास्त होतात. ते छिद्र वर्षांनंतरही बुजू शकतं, आणि बुजलं तर लक्षणं झपाट्याने वाढतात. पुढे दिलेल्या धोक्याच्या खुणा त्यांनाही तितक्याच लागू.

एक अपराधी भावना इथेच काढून टाकू. परदेशी शंट परवडला नाही, आपल्याकडे बनणारा छाब्रा शंट बसवला, म्हणून मुलाचं काही कमी केलं असं अनेकांना वाटतं. युगांडात या दोन प्रकारच्या शंटची तुलना झाली होती, २००५ साली ती प्रसिद्ध झाली, आणि वर्षभराच्या निकालात फरक दिसला नाही. पैसे उरत असतील तर ते वेळेवर पोचण्यासाठी ठेवा.

एक कागद आणि एक सीटी स्कॅन

एका पुठ्ठ्यावर किंवा लॅमिनेट केलेल्या कागदावर एवढं लिहा: मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन (दर तीन महिन्यांनी बदला), रक्तगट. हायड्रोकेफॅलस कशामुळे झाला. शंट कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला. व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचा, लो, मीडियम की हाय प्रेशर, आणि बाहेरून जुळवता येणारा असेल तर सध्याचा आकडा. नंतरची दुरुस्तीची ऑपरेशनं. फिट्सची औषधं, मिलीग्रॅमसकट. लॅटेक्सची (हातमोजे, फुगे यांच्या रबराची) ॲलर्जी. आणि सगळ्यात उपयोगाची ओळ: ‘मागच्या वेळी शंट बंद झाला तेव्हा काय दिसलं होतं.’ एकाच मुलाचा शंट पुन्हा बंद पडला की बऱ्याचदा तीच लक्षणं पुन्हा दिसतात.

व्हॉल्व्हची माहिती डिस्चार्ज कार्डवर अर्धवट असते. ऑपरेशन थिएटरमध्ये पाकिटावरचा स्टिकर फाईलला चिकटवतात. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरकडून त्याचा फोटो मागून घ्या. घरी गेल्यावर मिळवणं फार कठीण.

मूल ठणठणीत असताना काढलेला सीटी जपून ठेवा, कारण नुसता आजचा सीटी पाहून ‘पोकळ्या मोठ्या आहेत’ एवढंच कळतं. शंटवाल्या अनेक मुलांच्या पोकळ्या कायमच मोठ्या असतात. मागच्यापेक्षा वाढल्या का, हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. फिल्म इथल्या दमटपणात चिकटतात, त्यांच्यावर बुरशी येते. खिडकीच्या उजेडावर धरून प्रत्येक फिल्मचा फोटो काढा, सीडी असेल तर तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दोन्ही नातेवाइकाच्या फोनवरही पाठवून ठेवा.

डोकं मोजणं

टाळू उघडी असेपर्यंत घरी करण्याजोगी ही सर्वांत चांगली तपासणी. शिंप्याची जुनी टेप ताणली जाते, ती नको. न ताणणारी घ्या. पुढून भुवयांच्या किंचित वर, बाजूने कानांच्या वर, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहा. शंट बसल्यावर पहिले काही महिने आठवड्याला एकदा, नेहमी त्याच माणसाने. आई आणि आजी यांच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि उगाच धावपळ होते.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्मतः ३४-३५ सेंमी असतं. पहिले तीन महिने महिन्याला साधारण २ सेंमी, मग सहा महिन्यांपर्यंत १ सेंमी, नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंमी वाढतं. आठवड्यात एक सेंटिमीटरच्या वर वाढलं तर वाट पाहू नका. टाळू पाहायची ती बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना. रडताना ती कुणाचीही वर येते. शांत बाळाची टाळू तटतटलेली राहिली, डोक्यावरच्या शिरा फुगल्या, डोळे खाली झुकून बुबुळावर पांढरं दिसू लागलं, तर दाब वाढतोय. उलट टाळू खोल गेली असेल तर शंट जास्त पाणी ओढत असेल, किंवा जुलाबाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं असेल. मोठ्या मुलात जास्त ओढण्याची खूण म्हणजे उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं.

‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

टाळू बंद झालेल्या मुलाचं डोकं फुगत नाही, म्हणून सगळा दाब आतच राहतो. सकाळी उठल्यावर डोकेदुखी, उलटी, उलटीनंतर थोडं बरं वाटणं, मग गुंगी. कोकणात याला हमखास पित्त म्हणतात. कोकम सरबत, आल्याचा रस, मग गावातल्या डॉक्टरांकडून उलटीचं इंजेक्शन. त्याने उलटी थांबते आणि दोन दिवस वाया जातात. शंट असलेल्या मुलाची डोकेदुखी, उलटी आणि नेहमीपेक्षा जास्त झोप यांतली दोन एकत्र आली की शंट तपासून होईपर्यंत ते पित्त नव्हे, ऊन लागणं नव्हे, दृष्ट तर नव्हेच. जुलाब होत असतील आणि घरात आणखी कुणाला तसंच होत असेल तर पोटाचा आजार जास्त संभवतो. जुलाब नसलेली नुसती उलटी संशयास्पद.

कमी बोलकी लक्षणंही असतात: दोन-दोन दिसणं, डोळा तिरळा होणं, चालताना तोल जाणं, फिट्स वाढणं, आठवड्या-दोन आठवड्यांत अक्षर बिघडणं, चिडचिड. नळीच्या वाटेवर कातडीखाली पाणी साचून फुगवटा आला तर नळी तुटली किंवा निसटली असावी. स्पायना बायफिडाच्या बाळाचा श्वास घेताना घर्र आवाज येऊ लागला, दूध पिताना ठसका लागू लागला, रडणं क्षीण झालं, तर ती सर्दी समजू नका. मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या तोंडाशी दाबला जातोय असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि तिथेही पहिली तपासणी शंटचीच.

तापाचं वेगळं. पावसाळ्यात इथे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळंच असतं आणि शंटवाल्या मुलालाही ते होतं. पण शंटचा जंतुसंसर्ग मुख्यतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होतो. त्या काळातला ताप, कान-घसा-लघवी यांपैकी कारण नीट सापडलं नाही तर, सर्जनला कळवलाच पाहिजे. जखमेची लाली, नळीच्या वाटेवरची लाल रेघ, पोट दुखणं, जखमेतून पाझर, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी. तोवर अँटिबायोटिक आपल्या मनाने सुरू करू नका; अर्धवट डोसमुळे शंटच्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान अडतं.

कानामागचा व्हॉल्व्ह दाबून ‘चालतोय का’ पाहण्याची अनेक घरांत सवय असते. सर्जनने मुद्दाम शिकवलं नसेल तर दाबू नका. त्यावरून खात्रीचं काही कळत नाही.

निघायचं कसं

दवाखाना आजच ठरवा, रात्री दोन वाजता नव्हे. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटाने सव्वाशे-दीडशे किलोमीटर, चिपळूणहून कराड कुंभार्ली घाटाने शंभरच्या आसपास, सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय साठेक, अलिबाग-पेणला मुंबई जवळ. जुलैत दरड कोसळली की घाट बंद होतो, म्हणून दोन वाटा आणि दोन दवाखाने लिहून ठेवा, एक घाटावरचा आणि एक किनाऱ्याने जाणारा. गणपतीत आणि शिमग्यात महामार्ग तुंबतो, त्या दिवसांत एरवीपेक्षा लवकर निघा.

निघण्याआधी फोन करून तीनच प्रश्न: न्यूरोसर्जन आज आहेत का, सीटी चालू आहे का, लहान मुलाला भूल देणारे डॉक्टर आहेत का. यातलं एक नसेल तर तिथे जाऊन पुन्हा पुढे पाठवतात, आणि तेवढ्या वेळात मूल बेशुद्ध होऊ शकतं. मूल जागं असेल तर गाडी चालेल. गुंगीत असेल, फिट येत असेल, श्वास अनियमित असेल तर १०८ बोलवून आधी जवळच्या रुग्णालयात, तिथून डॉक्टरांच्या पत्रासह पुढे. त्या डॉक्टरांना तुमच्या सर्जनशी फोनवर बोलू द्या. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतून पाणी काढायचं ठरलं तर आधी ‘शंट आहे, सीटी झालेला नाही’ हे स्पष्ट सांगा. आत दाब वाढलेला असताना तसं पाणी काढणं जिवावर बेतू शकतं.

वाटेत डोक्याची बाजू थोडी उंच, मान सरळ. उलटी होत असेल तर कुशीवर. ऑपरेशन लागण्याची शक्यता असते, त्यामुळे शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते लिहा. भुलेआधी जेवण आणि वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास बंद, हा नेहमीचा हिशेब. सहा-सात तासांच्या प्रवासात बाळाला उपाशी ठेवायचं की नाही ते मात्र फोनवर विचारून ठरवा. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे वापरायचा. त्यावरची मुदत संपल्याची तारीख दर चतुर्थीला बघायची असं काहीतरी ठरवून टाका.

पोचल्यावर सीटीबरोबर डोकं, मान, छाती, पोट यांचे एक्स-रे होतील. नळी कुठे तुटली ते एक्स-रेतच दिसतं. सीटी ‘मागच्यासारखाच’ आला आणि मूल तरीही गुंगीतच असेल, तर तेवढ्यावर घरी परत येऊ नका. काही मुलांच्या पोकळ्या दाब वाढूनही फुगत नाहीत.

तेल, चुंबक, खेळ

टाके निघेपर्यंत डोकं कोरडं. त्यानंतरही सुईणीला किंवा आजीला व्हॉल्व्ह आणि नळी बोटाने दाखवून द्या: इथे चोळायचं नाही, टाळूत तेल जिरवताना दाबायचं नाही, डोक्याला ‘आकार’ द्यायचा नाही. बिब्बा, डाग, कसलाही लेप जखमेजवळ नको. बाळाला सतत व्हॉल्व्हच्या बाजूवर निजवलं तर तिथली पातळ कातडी फाटते. बाजू बदलत राहा.

बाहेरून जुळवण्याचा व्हॉल्व्ह असेल तर फोन, हेडफोन, मोबाईलच्या कव्हरचं चुंबक, खेळण्यातली चुंबकं कानामागे टेकवू नका. हातभर दूर असली तर प्रश्न नाही. एमआरआयनंतर आकडा तपासून घ्यायचाच. लसी सगळ्या वेळेवर द्या. पोहणं चालतं, विहिरीत किंवा खाडीत डोक्यावर सूर मारणं नाही. कबड्डी, कुस्ती यांबद्दल सर्जनला विचारा. बाकी मुलाला खेळू द्या. पुढे कधी अपेंडिक्सचं वा पोटाचं ऑपरेशन लागलं तर तिथल्या सर्जनला नळी पोटात आहे हे आधी सांगा.

पाठीवरची गाठ असेल तर: लघवी

स्पायना बायफिडात पाय अधू दिसतात, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पायांकडे. मूत्रपिंडं मात्र गुपचूप खराब होतात. मूत्राशयाच्या नसा नीट काम करत नाहीत, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, आत दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाते. ‘सारखी थेंब थेंब गळते, म्हणजे रिकामी होते’ हा समज चुकीचा. भरून वाहणारं मूत्राशयही गळतंच. उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी लघवीच्या वाटेने स्वच्छ कॅथेटर (बारीक नळी) घालून रिकामं करणं. अमेरिकेतल्या लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि तिने अनेक मुलांची मूत्रपिंडं वाचवली.

बाळाला ६ नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब, पुढे ८ ते १० नंबर, मोठ्या मुलाला १० ते १२ नंबरचा साधा कॅथेटर. नंबर डॉक्टर ठरवतील. दिवसा दर तीन-चार तासांनी.

हात साबणाने धुवा. मुलीला आडवं करून पुढून मागे पुसा, मुलाचं टोक पुसा. कॅथेटरला पाण्यात विरघळणारी जेली लावा. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको. मुलाचं लिंग पोटाकडे वर धरा, मग वाट सरळ होते. हलक्या हाताने आत सरकवा, लघवी आली की आणखी एक सेंटिमीटर. मध्येच अडलं तर ढकलू नका. थांबा, मुलाला खोकायला किंवा दीर्घ श्वास घ्यायला सांगा, पुन्हा प्रयत्न करा. धार थांबली की हळूहळू बाहेर काढा, वाटेत पुन्हा आली तर तिथेच थांबा. ओटीपोट जोराने दाबून काढू नका.

निघालेली लघवी अधूनमधून मापाच्या भांड्यात मोजा. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं त्याचा ढोबळ हिशेब: वयात एक मिळवा, ३०ने गुणा. पाच वर्षांच्या मुलाला १८० मिली. दर वेळी त्याहून बरीच जास्त निघत असेल तर मधलं अंतर कमी करा.

दर वेळी नवा कॅथेटर हे उत्तम. परवडत नसेल तर तोच धुऊन वापरतात: लगेच वाहत्या पाण्याने आतून-बाहेरून, मग साबणाने, मग आतला साबण पूर्ण जाईपर्यंत पाण्याने, झटकून, वाळवून, झाकणाच्या कोरड्या डब्यात. इथली अडचण वाळवण्याची आहे. जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही, ओला कॅथेटर डब्यात बंद केला की आत बुरशी. चार-पाच कॅथेटर फिरते ठेवा, म्हणजे प्रत्येकाला दिवसभर मिळेल. पंख्याखाली धुतलेल्या पातळ फडक्यावर पसरा. विहिरीचं पाणी गढूळ झालं की शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्याने. नळी कडक, धुरकट किंवा चिकट झाली की फेका. कितीदा वापरायची ते तुमच्या दवाखान्यात विचारून घ्या.

लघवीच्या तपासणीत नुसते जंतू आले आणि मुलाला ताप, दुखणं काही नसेल तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू असतातच. ताप असेल तर मात्र त्याच दिवशी.

मूत्राशय सैल पडावं म्हणून ऑक्सिब्युटिनिन देतात. या औषधाने घाम कमी येतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम न येणारं मूल लवकर तापतं: चेहरा लाल, अंग गरम, कातडी कोरडी. दुपारी बाहेर नाही, ओल्या फडक्याने अंग पुसणं, आणि डॉक्टरांना सांगणं. औषध स्वतःहून बंद करू नका.

त्याचा दुसरा परिणाम बद्धकोष्ठ, आणि या मुलांना ते आधीच असतं. भात आणि माशाच्या आमटीत चोथा फारसा नाही. नाचणीची भाकरी, कुळीथ, पालेभाजी, पेरू वाढवा. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, पायाखाली पाट देऊन, रोज त्याच वेळी बसवा. फार तुंबलं तर पोटातल्या दाबाने शंटचं पाणी उतरणंही अडू शकतं, हे अनेकांना माहीत नसतं.

कातडी आणि रबर

पायाला संवेदना नसली की मे महिन्यात जांभ्याच्या अंगणात रांगताना भाजलेलं कळत नाही. बंबातलं पाणी स्वतःच्या कोपराने तपासा, मुलाला विचारू नका. मोटरसायकलचा सायलेन्सर, समुद्राची तापलेली वाळू, खडकावरची कालवं, घट्ट बूट. रोज रात्री तळवे, टाचा, घोटे, बसण्याची जागा उजेडात पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार नको. खुर्चीत बसणाऱ्या मुलाला दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून घ्यायला शिकवा.

लहानपणापासूनच्या ऑपरेशनांमुळे या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचं प्रमाण खूप असतं. वाढदिवसाचे फुगे घरात नकोतच. दातांच्या डॉक्टरांना आणि प्रत्येक ऑपरेशनआधी सांगा. लॅटेक्स नसलेले हातमोजे मिळतात. दोडामार्ग भागात रबराच्या बागा आहेत, तिथल्या चिकापासून मुलाला लांब ठेवा. केळं, पपई, किवी खाल्ल्यावर ओठ खाजले, सुजले तर ते फळ बंद.

चालण्यात नवा फरक, पाठदुखी, लघवीचं वेळापत्रक अचानक बिघडणं: मणक्यातली नसांची दोरी (मज्जारज्जू) ताणली जात असेल किंवा शंट बिघडला असेल. दोन्ही तपासून घ्या.

पुढचं बाळ, आणि कागदपत्रं

गर्भातल्या बाळाच्या मणक्याची नळी (ती उघडी राहिली तर स्पायना बायफिडा) गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, तेव्हा पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून लागतं: कुठल्याही बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि आधीचं बाळ स्पायना बायफिडाचं असेल तर त्याच्या दहापट, ४ मिलीग्रॅम, आपल्याकडे दुकानात ५ मिलीग्रॅमची गोळी मिळते, तीच डॉक्टर लिहून देतात. दिवस राहण्याआधी किमान एक महिना, शक्यतो तीन, आणि पुढे बारा आठवडे. १९९१ सालच्या ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात या डोसाने पुन्हा तसं बाळ होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. आई फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल तर गर्भधारणेआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटा. रक्तस्रावाने किंवा मेंदूज्वराने झालेल्या हायड्रोकेफॅलसशी फॉलिक ॲसिडचा संबंध नाही, त्यासाठी आईला बोल लावू नका.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. तिथून जिल्हा रुग्णालयाचं पत्र मिळतं. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय निवडा आणि दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा; बिल झाल्यावर सांगून उपयोग नाही. रेशन कार्ड, आधार, नवजात बाळाचा जन्मदाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत, मुलाच्या माहितीच्या त्या लॅमिनेट केलेल्या कागदाबरोबरच. गोव्यात जाणार असाल तर आपली योजना तिथे चालते का ते आधी विचारा.

२०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत हायड्रोकेफॅलस हे नाव नाही. त्यामुळे ‘आजार आहे’ म्हणून अर्ज केला की परत येतो. अर्ज करायचा तो परिणामांवर: पायांची अस्थिव्यंगता, दृष्टी, बौद्धिक अडचण, किंवा बहुदिव्यांगता. टक्केवारी ४० किंवा त्याहून जास्त आली की यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डावर एसटीची सवलत, दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. जास्तीच्या वेळेची गरज चांगलं बोलणाऱ्या मुलालाही असते. शंटवाली अनेक मुलं गप्पांत पुढे आणि गणितात, नकाशात, वस्तू जागेवर ठेवण्यात मागे असतात, आणि शिक्षकांना तो आळस वाटतो. पहिला बाक आणि एका वेळी एकच सूचना, एवढं शाळेकडे लेखी मागा.